कोयरी नव्हे, आंबा

सुरी अजून हातात घेऊ नका. केक क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलेला आहे आणि रात्रभर तो तिथेच राहणार आहे. आज संध्याकाळचं काम वेगळं आहे. एक हापूस घ्या आणि खिडकीशी बसा.

मे महिन्यातला वाढदिवस, घरात पेटी उघडलेली, आणि तुम्ही ठरवून टाकलंय की या वेळी केक आंब्याच्या आकाराचा करायचा, तोही स्वतः कोरून. साचा विकत आणा, मिश्रण ओता, झालं, असं कुणीतरी सुचवलंही असेल. त्यांचं ऐकू नका. साच्यातून आंबा निघतो, पण आंब्याकडे बघायचं राहून जातं. आणि पहिल्यांदा कोरायला आंब्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. मोटारीची एक कड वाकडी गेली की ती खोलीतल्या सगळ्यांना दिसते. बाहुलीचं नाक जरासं हललं की चेहराच बदलतो. आंब्याचं तसं नाही. पेटीतले आंबे ओळीने मांडून बघा, एकाचं रूप दुसऱ्याला नाही. तुमच्या हातून जो होईल, तोही त्यांतलाच एक.

आता तो हापूस रुमालाखाली झाकून ठेवा. कोरा कागद घ्या आणि पेन्सिलीने, नुसतं आठवून, आंबा काढा. घाई नको. झाला की पेन्सिल खाली ठेवा आणि काय उमटलंय ते बघा.

गुबगुबीत पोट, एका बाजूला वळत गेलेलं टोक, टोकाला बारीक आकडा, वर दोन पानं. ही कोयरी आहे. साडीच्या पदरावर, मेंदीत, रांगोळीच्या कोपऱ्यात, लग्नपत्रिकेच्या कडेला आपण ती इतकी पाहिली आहे की आंबा म्हटलं की हात तीच काढतो. सुरी दिली असती तर केकमधूनही तीच निघाली असती. कोयरीत वाईट काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या विणकरांनी तिला तो डौल दिला आहे. पण ती खूण आहे, आंब्याची आठवण करून देण्यापुरती. कागद टाकू नका. उद्या तुमचा हात नेमका कुठे घसरणार, ते त्यावर आजच काढलेलं आहे.

रुमाल काढा.

आंबा आडवा ठेवा, देठ डावीकडे. काही ठरवू नका, नजर देठापाशी ठेवा आणि कडेकडेने अगदी हळू फिरवा, मुंगी चालत असावी इतक्या हळू. देठाशी खळगा आहे, पण उथळ. तिथून दोन रेघा दोन बाजूंना निघतात आणि त्या सारख्या नाहीत. एक खांदा रुंद आणि उचललेला, दुसरा उतरता. उचललेल्या खांद्यावर नजर थोडी थांबू द्या. तुमच्या कागदावर तो आहे का? बहुतेकांच्या कागदावर नसतो. मग पुढे चला, फुगवट्यावरून, खाली, टोकाकडे. आणि टोकाशी गंमत आहे. तिथे टोकच नाही. पायरीला चोच असते, तोतापुरीला तर इतकी की नावच पोपटावरून पडलं. हापूस मात्र शेवटी गोलावत मिटतो. कोयरीचा सगळा नखरा जिथे असतो, तिथे हापूसला दाखवायला काही नाही.

पेटीबरोबर पायरीही आली असेल तर तीही शेजारी ठेवा. दोन आंबे जवळ असले की एकट्या आंब्यात न दिसणाऱ्या गोष्टी दिसायला लागतात.

आता डोळे मिटा आणि आंबा दोन्ही तळव्यांत घ्या. डोळे कडा बघतात, जाडी हाताला कळते. अंगठा देठापासून खाली सरकवा, मग आंबा हातातच एक पाव वळसा फिरवा आणि पुन्हा सरकवा. दुसऱ्यांदा अंगठ्याखालचं वळण वेगळं लागेल. आंबा चेंडूसारखा गोल नसतो, दोन्ही बाजूंनी किंचित दाबलेला असतो, कारण आतली कोय चपटी आहे. बाहेरचा आकार आतल्या कोयीने ठरवलाय. केकमध्ये कोय असणार नाही, पण ती असल्यासारखं कोरायचं आहे. ही एक गोष्ट हाताला पटेपर्यंत बसून राहा. कंटाळा आला तरी बसा. कंटाळ्यानंतर दोन मिनिटांनी जे दिसतं, ते आधी दिसलेलं नसतं.

शेवटचं एक बघायचं. आंबा टेबलावर ठेवा आणि मान खाली नेऊन डोळे टेबलाच्या पातळीला आणा. एवढा मोठा आंबा टेबलाला कितीशा जागेवर टेकतो? बोटाच्या पेराएवढ्या. त्या जागेच्या चारी बाजूंनी साल आत वळत खाली गेली आहे आणि तिथे काळसर सावली पडली आहे. ही सावली लक्षात ठेवा. उद्याच्या केकची अर्धी भिस्त तिच्यावर आहे.

झोपा आता.

सकाळी लवकर उठा. मे महिन्यात अकरानंतर स्वयंपाकघरात बटर उभं राहत नाही, आणि मुंबईत, कोकणात, गोव्यात तर त्याआधीच हात टेकतं. एसीची खोली असेल तर तिथे टेबल लावा, लाजू नका.

केक कोणता, हे आधीच ठरलेलं हवं. हलका, फुललेला स्पंज खायला छान, पण सुरीखाली त्याचा भुगा होतो. आपल्या घरोघरी होणारा कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा केक या कामाला फार चांगला. जाळी बारीक, अंग घट्ट, आणि रात्रभर गार झाला की त्याला स्वच्छ कड येते. रव्याचा केक मला कितीही आवडत असला तरी कोरायला मी तो सुचवणार नाही, त्याचे कण कडेने सुटत राहतात. दोन इंच जाडीचे दोन आयताकृती थर एकावर एक, मध्ये क्रीमचा पातळ हात. मध्ये जाड क्रीम भरलं की कोरताना वरचा थर सरकतो.

वरून दिसणाऱ्या आंब्याची कड कागदावर मोठी करून कापून घ्या. काल काढलेल्या चित्रावरून नव्हे, आंब्याकडे बघत नव्याने. तो कागद केकवर ठेवा, टूथपिकांनी टोचून पक्का करा. मग पावाची दातेरी सुरी घ्या, आणि सुरी घेतल्यावर क्षणभर थांबा.

वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या राजवटीत डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलं. तिथे छिन्नीचा एक घाव चुकला तर निघालेला दगड परत लावायची सोय नव्हती. पेणच्या कारखान्यांतल्या शाडूच्या मूर्तीचं उलट असतं. माती काढताही येते, वाढवताही येते. केक या दोघांच्या मधोमध बसतो. कोरताना वृत्ती कैलासाची ठेवा, पण भीती ठेवू नका, कारण निघालेला चुरा क्रीममध्ये मळून भिंतीला लांबी भरतात तसा खड्ड्यात भरता येतो. मात्र जो पहिल्यापासून ‘नंतर भरू’ म्हणत कोरतो, त्याचा केक शेवटी सगळा लांबीचाच होतो.

पहिला काप कागदाच्या कडेला लागून घेऊ नका, बोटभर बाहेरून घ्या. सुरी सरळ उभी, पुढेमागे, दाब अजिबात नाही. दातांना त्यांचं काम करू द्या. चारी बाजूंनी कड निघाली की कागद काढा. समोर आता आंब्याच्या आकाराचा उभ्या भिंतींचा ठोकळा असेल. इथेच पुष्कळांचा धीर सुटतो, कारण हे कशासारखंच दिसत नाही. दिसायला नकोच. मग बाजूने बघा. देठाकडे उंची जास्त, टोकाकडे उतरती. तो उतार काढा. मग वरच्या कडा मोडायला घ्या. एका वेळी नखाएवढा काप, तो उचलून वाटीत, मग बोर्ड थोडा फिरवून पुन्हा एक. एकाच जागी दोन काप लागोपाठ घेऊ नका. एका जागी रमलेला हात तिथे खड्डा करतोच.

मधेच स्वतःकडे लक्ष द्या. श्वास धरून ठेवला असेल, खांदे कानाला लागले असतील. सोडा. सुरी ठेवा, दोन पावलं मागे जा, खऱ्या आंब्याकडे बघा, मग केककडे. या क्रमाने. आधी केककडे बघितलं की त्यातल्या चुका दिसतात आणि हात त्या चुकांच्याच मागे लागतो. आधी आंब्याकडे बघितलं की पुढे काय करायचं ते दिसतं.

उचललेला खांदा राहिलाय का? बहुधा तुम्ही दोन्ही खांदे सारखे केले असतील. आपल्याला डावं-उजवं जुळवायची इतकी सवय आहे की हात न सांगता ते करतो. उतरत्या बाजूचा थोडा आणखी काढा. आणि टोकाशी चोच निघायला लागली असेल तर ती आत्ताच बोथट करा. कालचा कागद जवळ ठेवायला सांगितला तो यासाठी.

मग ती सावली. सगळ्यात खालची कड, जिथे केक बोर्डाला टेकतो, ती पहिल्यांदा कोरणारा माणूस कधीच कापत नाही. केक पडेल असं वाटतं. त्यामुळे वरून आंबा आणि खालून अर्ध्यात कापून पालथा घातल्यासारखा, असं काहीतरी तयार होतं. सुरी तिरकी धरून खालची कड बोटाच्या रुंदीइतकी आत वळवा, सगळ्या बाजूंनी. केक पडत नाही, गार आहे तोवर तर नाहीच. काप निघाला की मान खाली नेऊन बघा. काल टेबलावर होती तशी सावली बोर्डावर पडली असेल, आणि ठोकळ्याचं फळ झालेलं असेल. मला विचाराल तर अख्ख्या कामातली ही सगळ्यात मोलाची पाच मिनिटं.

वाटीतल्या तुकड्यांवर मुलं येतीलच. थोडे द्या, थोडे लांबीसाठी ठेवा.

आता बटरक्रीमचा पहिला हात. हा सजावटीचा नसतो, चुरा जागच्या जागी धरून ठेवायचा असतो, म्हणून अगदी पातळ. खालचा केक दिसला तरी चालेल. त्यानंतर फ्रिजमध्ये अर्धा तास. त्या अर्ध्या तासात रंग कालवू नका. हात धुवा, आंबा पुन्हा खिडकीशी न्या.

आकाराच्या बाबतीत कोयरी आड आली, रंगाच्या बाबतीत ‘आंबा पिवळा’ हे वाक्य आड येतं. बालवाडीच्या तक्त्यापासून ते पाठ आहे. ते बाजूला ठेवून एकाच जागेकडे, आपल्या बोटाच्या ठशाएवढ्या जागेकडे बघा. मग शेजारच्या तेवढ्याच जागेकडे. पोटाशी हळदीचा पिवळा, खांद्यावर केशराकडे झुकलेला, देठाभोवती अजून पोपटी उरलेला. या हिरव्याला कारण आहे. आढीत आंबा पिकतो तेव्हा सालीतलं हरितद्रव्य विरत जातं आणि खाली आधीपासून असलेला पिवळा उघडा पडतो. जिथे विरणं अजून संपलेलं नाही, तिथे हिरवा. सालीवर फिकट, बारीक ठिपके आहेत, ते दिसले का? आणि देठापासून ओघळून सुकलेला चिकाचा काळपट डाग?

लाल शोधू नका. केकवर आंबा म्हणून जे सर्रास दिसतं, त्याच्या गालावर लाली फासलेली असते. अमेरिकेतल्या दुकानांमध्ये मिळणारा टॉमी अ‍ॅटकिन्स तसा लालबुंद असतो, तिथे वाढणाऱ्या मराठी मुलांना आंबा लाल वाटला तर त्यांचं काही चुकत नाही. त्यांनी तोच समोर ठेवावा आणि तोच रंगवावा. तुमच्यासमोर हापूस आहे.

क्रीम कालवताना रंग शून्यातून सुरू होत नाही, हे आधी बघून घ्या. बटरक्रीम म्हणजे एक वाटा बटर आणि वजनाने दुप्पट आयसिंग शुगर. घरचं म्हशीच्या दुधाचं लोणी पांढरं असतं, कारण म्हैस चाऱ्यातल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते. गाय ते सगळं करत नाही, म्हणून गाईचं लोणी पिवळसर. विकतच्या पिवळ्या बटरमध्ये बहुधा अ‍ॅनॅटो असतं, म्हणजे शेंदरीच्या बियांचा रंग. तेव्हा कोणतं बटर घेतलंय त्यावर तुमचा पहिला पिवळा ठरतो, आणि आंब्याच्या बाबतीत तो फुकटचा फायदा आहे.

जेलचा रंग घ्या, पाण्यासारखा पातळ नको, त्याने क्रीम सैल होतं. टूथपिकचं टोक रंगात बुडवा, क्रीममध्ये फिरवा, कालवा. फिका वाटेल. आणखी घालायची इच्छा होईल. घालू नका, वाटी झाकून ठेवा. बटरक्रीममध्ये रंग मुरतो, तासा-दोन तासांत तो स्वतःहून गडद होतो. रंगकामात घाई करणाऱ्याला शिक्षा लगेच होत नाही, दुपारी होते. डब्यावर रंगाचं नाव वाचा. आपल्याकडे खाद्यपदार्थांत ८ कृत्रिम रंगांनाच परवानगी आहे; पिवळ्यासाठी टार्ट्राझिन आणि सनसेट यलो. सुट्ट्या पुडीतला, नाव नसलेला भडक रंग घरात आणूच नका. हळद वापरायची असेल तर क्रीममध्ये चालेल, चव लागणार नाही इतकी. केकच्या मिश्रणात मात्र सोडा जास्त झाला तर हळद लालसर होते. कुंकू पूर्वी हळदीवर चुन्यासारख्या क्षाराची क्रिया करून याच तत्त्वावर होत असे.

तीन वाट्या पुरेत. पिवळी मोठी, केशरी लहान, पोपटी त्याहून लहान. रंग जुळवून बघायचा तो खिडकीशी, खऱ्या आंब्याच्या सालीशेजारी टूथपिक धरून. पांढऱ्या एलईडीखाली जुळलेला केशरी दिवसाच्या उजेडात नारळीपौर्णिमेच्या भातासारखा दिसतो.

पिवळा सगळीकडे लावा. तो ओला असतानाच उचललेल्या खांद्यावर केशरीचे दोन-तीन ठिपके, देठाशी पोपटीचा एक. आता पॅलेट नाईफ कोमट पाण्यात बुडवून पुसा आणि रंगांच्या सीमेवरून एकाच दिशेने हलकेच न्या. एकदा. पुन्हा पुसा, पुन्हा एकदा. पिवळा कुठे संपतो आणि केशरी कुठे लागतो, ते तुम्हालाच सांगता येईनासं झालं की थांबा. सगळ्यांत कठीण हे थांबणंच. आणखी दोन हात फिरले की तीन रंगांचा एकच मातकट रंग होतो, आणि त्यातून परतीचा रस्ता नाही. बटरक्रीमवर साय धरल्यासारखा कोरडा पापुद्रा आला की बटर पेपरचा तुकडा ठेवून बोटांच्या टोकांनी हलकेच दाबत जा. सुरीचे ओरखडे जातात आणि साल तयार होते. फाँडंटने हे लवकर होतं, मान्य. पण दमट हवेत फ्रिजबाहेर काढलेल्या फाँडंटला घाम फुटतो, आणि खाताना अर्धी माणसं तो सोलून ताटाच्या कडेला ठेवतात. आंबा सोलून ठेवायचा ते ठीक, केक कशाला?

केक पुन्हा गार करा. मग बारीक ब्रशने ठिपके. मोजून नकोत, ओळीत नकोत. आणि कोकोच्या पाण्याने तो चिकाचा डाग, देठापासून खाली ओघळलेला. घरात कोणीतरी म्हणेलच, इतका छान झालाय, त्यावर डाग कशाला. हसा आणि डाग काढा. गुळगुळीत, निर्दोष पिवळा आंबा हा पुन्हा तक्त्यावरचा आंबा. डागाने तो कुणाच्या तरी झाडावरून उतरवलेला होतो.

देठासाठी दालचिनीचा तुकडा खोचा. पानं लावायचा मोह होईल. पेटीतल्या आंब्यांना पानं असतात का ते बघा आणि मग ठरवा.

आता केक नीट बघा, एकदाच, सावकाश, पहिल्या दिवशी आंबा पाहिला तसा. एक बाजू जरा बसकी वाटेल. असू द्या. आत्ता हात लावला तर बसकी बाजू सुधारणार नाही, रंग मात्र जाईल.

कापायच्या अर्धा तास आधी केक फ्रिजबाहेर काढा. थंडगार बटरक्रीम जिभेला मेणचट लागतं. दालचिनीचा देठ आधी उपसून घ्या, नाहीतर तो एखाद्या लहान मुलाच्या बशीत जायचा. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि देठाकडून सुरुवात करा. उरलेला झाकून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा. आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याला उचललेल्या खांद्याचा तुकडा द्या. क्रीम तिथे सगळ्यात जास्त असतं.